दिवसभरासाठी होडी ठरवली आणि... (अनुभव धागा)

खाडीकाठची
लेकीच्या भूगोलात भरती-ओहोटी आलीय. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ" हे तिला समजावताना एकदम मालवणजवळचं देवबाग आठवलं आणि हसू आवरेना. म्हणून हा धागा.

दत्तजयंतीचा दिवस. आम्ही आठ जण, त्यात सासूबाई. देवबागातून अख्ख्या दिवसाची होडी ठरवली. सकाळी डॉल्फिन (मला दोन पाठी दिसल्या, नवऱ्याच्या मते पाच), मग भोगवे, मग कर्ली नदीतून वर जाऊन माडांच्या सावलीत जेवण. होडीवाले मामा तीनपासून "चला आता" म्हणत होते. आमचं आपलं अजून एक फोटो, अजून एक फोटो. साडेचारला परत येताना खर्रर्र करून होडी वाळूवर बसली. पौर्णिमेचं उधाण ना, भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी खाली उतरते. मामांनी इंजिन वर उचललं, बिडी पेटवली आणि म्हणाले, "घाय कित्याक करतास, पाणी येतला."

दोन तास! दीर ढकलायला उतरला तो गुडघाभर रुतला, त्याची एक चप्पल अजून कर्लीतच आहे. सासूबाईंनी पिशवीतून रव्याचे लाडू काढले आणि मामांना आधी दिला. अंधार पडला, माडांमागून चंद्र वर आला आणि होडी आपोआप हलली. कुणी हातही लावला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात काहीही अडलं, गॅस सिलेंडर असो की लग्न, "पाणी येतला".

तुमचेही येऊ द्या.

टोपलीभर
😂😂 दिराच्या चपलेला श्रद्धांजली. सविस्तर नंतर, कुकर लावलाय.

निवांत_नाना
जंजिरा. राजपुरीहून शिडाची होडी. वारा पडला. बस्स, एवढंच. मध्यावर उन्हात तरंगत होतो, समोर किल्ला, तोफा दिसतायत, पण हात पुरत नाही. सिद्दी का हरला नाही ते तेव्हा कळलं. पुढे पायऱ्यांशी होडी वरखाली होत असताना माझ्या ९५ किलोला दोघांनी काखेत धरून वर घेतलं. बायकोने व्हिडिओ काढलाय. घरात वाद झाला की दाखवते.

भिजकी_वात
पाऊणपट म्हणजे नक्की काय? आमच्या देशावर असलं काही नसतं.

खाडीकाठची
@भिजकी_वात सोप्पंय. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरती. सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहाला भरती, बारा-सव्वाबाराला ओहोटी. रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकतं. हे आपलं ढोबळ हं, खाडीत आत गेलात तर भरती उशिरा पोचते.

तांडेलाची_नात
त्यात भर. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. मोठी माणसं, लहान मुलं बरोबर असतील तर ते दिवस बघून जा. आणि तांडेल (होडीचा प्रमुख) "चला" म्हणाला की चला. आजोबा चाळीस वर्षं दर्यात जाऊनसुद्धा नारळी पौर्णिमेआधी होडीला हात लावत नसत. आणि लोक जूनमध्ये फोन करतात, "जरा फिरवून आणता का?"

टोपलीभर
कुकर झाला. हर्णैहून सुवर्णदुर्गला गेलो होतो. माणशी भाडं ठरलं असं आम्ही समजलो, होडीवाला समजला होडीमागे. आम्ही चौघंच! परत येऊन बंदरावर अर्धा तास तहनामा चालला. चूक आमचीच, आधी नीट विचारायचं. आणि तेव्हा तिथे धक्का नव्हता हं, होडीतून थेट पाण्यात उतरायचं. नवी पैठणी नेसून आलेल्या एक काकू होडीतच बसून राहिल्या. मला त्यांचंच जास्त वाईट वाटलं, किल्ल्यात काय पाहिलं ते विसरले.

भिजकी_वात
पैठणी??? होडीत???

टोपलीभर
बारशाहून आल्या होत्या.

सोमवारचा_बळी
गेटवेवरून घारापुरी. सोमवारी. पुढचं कळलं असेलच, लेणी सोमवारी बंद. चुलतभावाने ठरवलं होतं, "गर्दी कमी असते" म्हणून. असणारच ना बाबा! मग बंदरातच लाँचमधून फेरी मारली, सीगलना शेव टाकली, झाली सहल. आता त्याला ग्रुपवर सगळे सोमवार म्हणतात.

निवांत_नाना
शेव नका हो टाकू पक्ष्यांना.

सोमवारचा_बळी
नाना ते २०११ होतं, तेव्हा अक्कल नव्हती. कान पकडले.

ओकारी_क्वीन
नाव वाचून कळलंच असेल. तीन होड्या, तीन उलट्या. माझे शोध: होडीच्या नाकाशी बसू नका, मधे किंवा मागे बसा. मोबाइलमध्ये डोकं घालू नका, लांब क्षितिजाकडे बघा. गोळी अर्धा-एक तास आधी, पोटात ढवळायला लागल्यावर नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, मिसळ खाऊनही जाऊ नका. वाऱ्याकडे तोंड करून तर मुळीच ओकू नका, समोरच्या काकांची मी आजही माफी मागते.

तांडेलाची_नात
@ओकारी_क्वीन आलेपाक ठेव गं तोंडात.

ओकारी_क्वीन
ठेवला होता. तोही गेला.

मुकाट
मी होडीत बसत नाही. लहानपणी मालवणला सिंधुदुर्गाहून परत येताना वारं सुटलं, दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, पण आईने माझा दंड एवढा घट्ट धरला होता की वळ दुसऱ्या दिवशीही होता. तेव्हा लाइफ जॅकेट वगैरे कुणी देत नसे. आता देतात, तर लोक वास येतो म्हणून काढून मांडीवर ठेवतात. घाला रे बाबांनो.

निवांत_नाना
+१. वास येतो हे खरंय, पण घाला.

भिजकी_वात
खाडीकाठची ताई, ते रव्याचे लाडू पाकातले की बिनपाकाचे? एवढ्या हिंदकळण्यात फुटले नाहीत म्हणजे पाकातलेच असणार. प्रमाण द्या ना.

खाडीकाठची
थांब विचारते.

खाडीकाठची
विचारलं. ते लाडू त्या दिवशी सकाळी मालवणच्या बाजारातून घेतले होते म्हणे. बारा वर्षं मी जगाला सासूबाईंच्या हातचे म्हणून सांगतेय, आणि त्या ऐकून नुसत्या गालात हसत होत्या.