मदत हवी आहे: चिंगीची किडनी, आणि कधी थांबायचं हा प्रश्न

नमस्कार. आमच्या मांजरीला, चिंगीला, किडनीचा जुनाट आजार आहे. आता चौथी स्टेज, क्रिएटिनिन (किडनी किती बिघडलीय ते दाखवणारा रक्तातला आकडा) ५ च्या वर गेलंय. किडनी पुन्हा सुधारणार नाही, कातडीखाली सलाईन देऊन तिला बरं वाटेल एवढंच हातात आहे, असं डॉक्टर म्हणाले. मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई घालायला त्यांनी शिकवलंय, पण आई तिला धरते तेव्हा आईचेच हात थरथरतात. ठाण्यात वर्तकनगरजवळ घरी येऊन सलाईन देणारं कुणी माहीत आहे का?

किडनीचं खास खाणं ती हुंगून निघून जाते, कोमट केलं तरी. तुमच्या मांजरांनी कसं खाल्लं?

डॉक्टरांनी कायमचं झोपवण्याचा विषयही काढला. पण ती अजून बाल्कनीत उन्हाला बसते, अंग चाटते, हाक मारली की कान वळवते. मग आता पुरे, हे कशावरून ओळखायचं? ज्यांनी हा निर्णय घेतलाय त्यांनी कृपया लिहा, मोकळेपणाने. माझी लेक पहिलीत आहे, रोज चिंगीशेजारी झोपते. लेकीला आधीच सांगावं का?

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंतचा प्रवास चिंगीला झेपणार नाही, म्हणून ठाणे-मुलुंडमधलंच सुचवा.