टाकी हलवल्यावर अमोनिया उतरत नाही, मदत हवी आहे

रविवारी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी ऐरोलीहून खारघरला हलवली. दोन क्लाउनफिश, एक श्रिंप, कोरल नाही. लाइव्ह रॉक (पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू असलेले खडक) पाण्यातच आणले, पण वाळू न धुता तशीच ओतली. चूक तिथेच झाली असावी, वाळूतल्या घाणीतून अमोनिया सुटत असावा. आज चौथा दिवस: अमोनिया ०.५, नायट्राइट ०.२५ पीपीएम, पीएच ८.०, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २७. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू, खाणं एक दिवसाआड. दोनदा २० टक्के पाणी बदललं, अमोनिया दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. घरच्या आरओवर दिवसाला ४० लिटरच मीठपाणी तयार होतं, दुसरी टाकी नाही. (खाडीचं पाणी कृपया सुचवू नका!) आता वाळू काढून टाकू, की ती न ढवळता रोज ४० लिटर बदलत राहू?