चेस्टरफिल्डचा पिळलेला कळस आणि माळवदाची ओली तुळई

उदगीरचा वाडा:
इंग्लंडात डर्बीशायरमधल्या चेस्टरफिल्ड या बाजारगावी सेंट मेरी अँड ऑल सेंट्स हे मध्ययुगीन अँग्लिकन चर्च आहे. त्याचा लाकडी कळस ओल्या लाकडामुळे पिळला म्हणतात. खरं आहे का? आमच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, दोन तुळया बदलायच्या आहेत. सुतार म्हणतो, बाभूळ कालच पाडलीय, लगेच चढवू.

ओळंबा:
भाऊ, नुसत्या ओलेपणाला दोष देऊ नका. कळस १३६२ च्या सुमाराचा. टोक जमिनीपासून २२८ फुटांवर, पीळ ४५ अंशांचा, कल साडेनऊ फुटांचा. त्या काळी ओक ओलाच घडवत. वाळला की पटाशीला दाद देत नाही. ओल्या ओकाची कितीतरी छपरं आजही सरळ आहेत. इथं कमी पडले ते तिरपे आधार. लाकूड वाळताना आडवं आखडतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, सैल होतं, सांधा खेळायला लागतो. कळसाच्या लाकडी सांगाड्याला तिरपी दांडी असती तर चौकट जागेवर राहिली असती. त्यात वर शिशाच्या पत्र्यांचं सुमारे ३३ टन ओझं!

कडीपाट:
उन्हाचाही वाटा आहे. दक्षिणेची बाजू जास्त तापते. दोन मीटरचा शिशाचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटरहून जास्त वाढतो, आणि शिसं मऊ असल्यामुळे थंड झाल्यावर पुरतं मागे येत नाही. पत्रे तिरप्या नक्षीत बसवलेत, म्हणून डोळ्याला पीळ आणखीच दिसतो.

ओळंबा:
आता तुमची बाभूळ. लगेच चढवू नका. साल काढा, बाहेरचं पांढरं लाकूड तासून टाका. घुण आधी तिथंच लागतो. दोन्ही टोकांना डांबर फासा, नाहीतर टोकाकडून पाणी भराभर उडतं आणि लांबच लांब भेग पडते. मग सावलीत, खाली पट्ट्या देऊन रचा. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, असा जुना हिशोब आहे. आठ इंची तुळईला इतकं थांबणं जमणार नाही, म्हणून जुन्या वाड्याचं उतरवलेलं सागवान बघा. ते आखडून मोकळं झालेलं असतं. घेताना भिंतीतली टोकं टोचून पाहा, कुजलेली असली तर तेवढी कापून लांबी पुरते का ते मोजा.

उदगीरचा वाडा:
आणि वरची पांढरी माती? जुनी दीड फूट भरलीय.

कडीपाट:
एवढी परत घालूच नका. फूटभर थर म्हणजे चौरस फुटाला ४५ ते ५० किलो. दहा बाय दहा फुटांच्या खणावर दीड फुटाचे जवळपास सात टन होतात. दरवर्षी गळती थांबवायला वरून माती टाकत गेलं की असं होतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड माळवदं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींनीच माणसं गाडली. तुळईचं टोक भिंतीत बसवताना सिमेंटने बुजवू नका, भोवती बोटभर हवा खेळू द्या. आणि खणाचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. फरक निघाला तर तुळई चढवण्याआधी चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणा.