इंग्रजीच्या गाळणीतून आलेला दीर

विश्रामबाग: काल अनुवादाच्या या चर्चेत एकानं लिहिलं, ‘रशियन-इटालियन कशाला शिकायचं? इंग्रजीवरून मराठी करा, अर्थ तोच.’ वाचून रात्रभर डोळा लागला नाही. अर्थ तोच कसा? रशियनमध्ये बायकोचा भाऊ शूरिन, नवऱ्याचा भाऊ द्येवेर, बायकोच्या बहिणीचा नवरा स्वोयाक. आपल्याकडं मेहुणा, दीर, साडू तयारच आहेत. मध्ये इंग्रजी आली की तिघंही ‘ब्रदर-इन-लॉ’. मी एका प्रकाशकाला अशीच एक कथा इंग्रजीवरून करून दिली. विधवेच्या दारात जमिनीची वाटणी मागायला मी ‘मेहुणा’ उभा केला. छापून झाल्यावर मूळ पाहिलं तर द्येवेर! तो शब्द आणि संस्कृतातला देवर एकाच मुळाचे, तरी माझ्या हातून दीर निसटला.

पोवईनाका: आणि इटालियन? तिथं ‘नीपोते’ म्हणजे नातू, नात, भाचा, पुतणी, सगळेच. थेट मुळावरून केलंत तरी भाचा की पुतण्या हे कळणार नाही. इंग्रजीवाला निदान नातू की पुतण्या एवढं तरी ठरवून देतो.

विश्रामबाग: ठरवतो तो, चुकला तर आपल्याला पत्ताही लागत नाही.

हळदपेठ: ते राहू द्या. हल्ली अनुवादात बहिणीचा नवरा ‘जिजाजी’ होऊन येतो. आमचे दाजी कुठं गेले? माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात हळदीच्या हातानं ‘दाजी, पाट घ्या’ म्हणालो, तेव्हा माणूस घरचा झाला. जिजाजी म्हणून कुणी घरचा होतो का?

पोवईनाका: दाजी पुण्या-मुंबईच्या वाचकाला अडतो. भावजी लिहा.

हळदपेठ: भावजी तर दिराला पण म्हणतात! पुन्हा तोच घोळ. आणि पुण्याच्या वाचकासाठी सांगलीनं किती दिवस जीभ आवरायची?

कृष्णाघाट: भांडू नका. रशियनमध्ये ‘झ्यात’ म्हणजे जावई, आणि बहिणीचा नवरासुद्धा. आमच्या गावात दोघांनाही ‘पाव्हणं’च म्हणतात. आत्या दारातून ‘पाव्हणं आलं’ ओरडली की कोणतं ते चपला बघून कळायचं. तिथं एकच शब्द ठेवावा, फोड करू नये.

पोवईनाका: झ्यातचं पटलं. दिराचंही पटलं, बास. नीपोतेचं मात्र मी सोडणार नाही.

विश्रामबाग: नका सोडू. माझ्या त्या कथेची दुसरी आवृत्ती निघतेय. मेहुणा खोडून दीर लिहिलाय, आज पोस्टात टाकतो.