कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा फॅन पॉवर बँकवर चालवायचाय, कसं जमंल?

परभणीकर:
नमस्कार मंडळी. रात्री लाईट गेली की पत्र्याच्या घरात लेकरं झोपंनात. घरी जुन्या कॅबिनेटमधला फॅन पडलाय, स्टिकरवर डीसी १२ व्होल्ट ०.२० अँपिअर लिहिलंय. यूएसबीची जुनी वायर कापून लाल लालला अन् काळी काळीला जोडली, फिरायलाय पण हवा लागंना. अजून एक चार्जिंगचा फॅन हाय, त्याची बॅटरी बसलीय. टेबल फॅन पण असाच करता येईल का?

नांदेडचा भाऊ:
दादा वायर बरोबर जोडलीस, पण यूएसबीतून ५ व्होल्टच येतात अन् फॅनला १२ पाहिजेत, म्हणून हळू फिरतो. एमटी३६०८ नावाचं छोटं बूस्ट मॉड्यूल मिळतं, ५ चे १२ करतं. फॅन जोडायच्या आधी मल्टीमीटर लावून त्याच्यावरचा पितळी स्क्रू फिरव, सुरुवातीला बरेच आटे फिरवले तरी आकडा हलत नाही, घाबरू नको, फिरवत राहा, १२ आले की थांब अन् मगच फॅन लाव. तुझा फॅन २.४ वॅटचा, मॉड्यूलमधली गळती धरून यूएसबीतून साधारण ०.५५ अँपिअर ओढणार. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी २ पोर्टची हद्दच ०.५, त्यामुळं तिथं लावू नको, २ अँपिअरचा मोबाईल चार्जर नाहीतर पॉवर बँक घे. वायरीतल्या पांढऱ्या अन् हिरव्या तारा डेटाच्या असतात, त्या वेगवेगळ्या टेप करून ठेव, एकमेकाला लागू देऊ नको. टेबल फॅनचा नाद सोड, ती २३० व्होल्ट एसीची मोटर, ५० वॅटच्या आसपास खाते.

लातूरवाला:
चार्जिंगच्या फॅनबद्दल सांगतो. आधी खोलून बॅटरी कोणती ते बघ. ६ व्होल्टची लेड अ‍ॅसिड असंल तर ती पूर्ण काढून मोटरला सरळ ५ व्होल्ट दे, हवा थोडी कमी पण चालतो. आत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असंल तर त्याला यूएसबीचे ५ व्होल्ट सरळ कधीच देऊ नको, सेल ४.२ च्या वर गेला की फुगतो, पेट पण घेऊ शकतो, घरात लेकरं हायेत. टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल मधी टाक, प्रोटेक्शनवालंच घे.

परभणीकर:
लै धन्यवाद. १०००० एमएएचच्या पॉवर बँकवर रात्र निघंल का?

नांदेडचा भाऊ:
निघते की. तो आकडा ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास, गळती काढून दहा-अकरा तास धर. अन् कॅबिनेटच्या फॅनची पाती उघडी असतात, दोन्ही बाजूनं जाळी लावल्याशिवाय लेकराजवळ ठेवू नको, कॉम्प्युटर रिपेअरिंगवाल्याकडं मिळते.