मदत हवी आहे: तलवारीवाल्या गेम्समधल्या बायका

नमस्कार मंडळी. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत गेम्सवर गप्पांचा कार्यक्रम ठरलाय आणि वरचा विषय माझ्या गळ्यात पडलाय.

मध्ययुगीन थाटाच्या या गेम्समध्ये बायका अशा का दाखवतात असं विचारलं की मिळणारं ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला पटत नाही. ड्रॅगन चालतात, जादू चालते, मग बाईच्या चिलखतातच पोट उघडं का? पहिल्या ‘द विचर’मध्ये (२००७) तर हद्द आहे: नायक जिच्याबरोबर झोपेल तिच्या चित्राचं कार्ड मिळतं, बसा जमवत! तिसऱ्या भागात (२०१५) अधूनमधून सिरी, म्हणजे नायकाची मानलेली मुलगी, म्हणून खेळता येतं, तेवढंच समाधान.

उलट ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ (२००९) बघा. शहरी एल्फ (टोकदार कानांची काल्पनिक जमात) मुलगी घेऊन सुरुवात केली की ऐन लग्नात उमरावाचा मुलगा नवरीला, म्हणजे आपल्यालाच, उचलून नेतो. तिथून तलवार चालवत सुटायचं तेही आपणच. अत्याचार आहे, पण नजर तिची आहे. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) बाईने बाईशी लग्न केलं तरी गावात कुणाची भुवईही हलत नाही.

आता अडलंय ते ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’पाशी. १४०३चं बोहेमिया (आजच्या चेकियातलं), ड्रॅगन वगैरे काही नाही. त्यात नायक हेन्रीऐवजी टेरेसा या मुलीच्या भूमिकेत खेळायचा ‘अ वूमन्स लॉट’ हा जोडभाग कुणी खेळलंय का? माझा लॅपटॉप तो ओढत नाही. तिची गोष्ट खरंच तिची वाटते, की हेन्रीचीच दुसऱ्या बाजूने?

शिवाय समोर काका-काकूही असणार, तेव्हा स्क्रीनवर बिनधास्त दाखवता येईल असा एखादा प्रसंग सुचवा. ठाणे-नवी मुंबईत कुणाकडे गेम असेल तर रविवारी येऊन बघेन. वडापाव माझ्याकडून.