वर्गात खरंच वापरलेली मोफत सॉफ्टवेअर्स : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती (जि. प. शाळा, चौथीचा वर्ग)

शाळेत प्रोजेक्टर आला, टीव्ही आला, काही ठिकाणी टॅब पण आलेत आणि त्यावर चालतं काय तर बहुतेक वेळा व्हिडिओ. मुलं मांडी घालून बघतात, संपला की पुढचा तास. व्हिडिओबद्दल माझी तक्रार नाहीये, पण मुलांनी स्वतः काहीतरी हलवावं, जोडावं, चुकलं तर परत करून बघावं असं ज्यात होतं ती सॉफ्टवेअर्स मला गोळा करायची आहेत. अट एकच, पैसे पडू नयेत आणि नेट गेलं तरी तास थांबू नये. नुसती नावं नकोत, नावं कुठेही मिळतात, तुम्ही कोणत्या धड्याला कसं वापरलं आणि कुठे अडलं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. मी लिबरऑफिसचं इम्प्रेस वापरते, म्हणजे आपलं साधं स्लाइडवालं. त्यात चित्रावर किंवा चौकोनावर राइट क्लिक करून इंटरॅक्शन निवडलं की त्या चौकोनावर क्लिक केल्यावर कोणत्या स्लाइडवर जायचं ते ठरवता येतं. मग मी नद्यांचा खेळ केला. 'गोदावरी कुठे उगम पावते' असा प्रश्न आणि खाली तीन चित्रं, त्र्यंबकेश्वर, महाबळेश्वर, भीमाशंकर. मुलाने महाबळेश्वरवर क्लिक केलं तर 'चूक' असं येत नाही, तिथे जी स्लाइड उघडते तिच्यावर लिहिलंय की इथून कृष्णा निघते, परत जाऊन बघ. भीमाशंकरला भीमा भेटते. त्यामुळे चुकीच्या उत्तरातूनही एक नदी कळते, आणि मुलं तर मुद्दाम तिन्ही दाबून बघतात.

एक गोष्ट मात्र करायलाच हवी, स्लाइड शो सेटिंग्जमध्ये बॅकग्राउंडवर क्लिक केल्यावर स्लाइड बदलण्याची खूण काढून टाका, नाहीतर मुलाचा माऊस जरा बाजूला पडला की पुढची स्लाइड येते आणि उत्तर दिसून जातं.

गणितवाला (हायस्कूल, नववी-दहावी)

मॅडम छान धागा. माझं उत्तर जिओजेब्रा, म्हणजे आकृत्या आणि आलेख माऊसने हलवून बघता येतात असं गणिताचं सॉफ्टवेअर. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना २००१ मध्ये सुरू केलेलं आहे आणि आजही माझ्या मते गणिताला याच्या जवळपास जाणारं दुसरं काही नाही.

नववीला परिकेंद्र शिकवताना फळ्यावर आपण एकच त्रिकोण काढतो, तोही सवयीने लघुकोन, आणि मुलांच्या डोक्यात बसतं की परिकेंद्र त्रिकोणाच्या आतच असतं. जिओजेब्रात तीन बिंदू, तीन लंबदुभाजक, छेदनबिंदू केंद्र धरून वर्तुळ, एवढं करायचं आणि माऊस मुलांच्या हातात द्यायचा. शिरोबिंदू ओढत गेलं की एक कोन विशालकोन होतो आणि परिकेंद्र सरळ बाहेर निघून जातं. कर्णाच्या बरोबर मध्यावर कधी येतं ते शोधा म्हटलं की मुलं स्वतःच काटकोनाशी येऊन थांबतात. हे मी सांगून झालं नसतं. वर्तुळ मात्र तिन्ही शिरोबिंदूंना धरूनच राहतं, ते बघून मागच्या बाकावरचे पण पुढे येऊन उभे राहतात.

दहावीच्या वर्गसमीकरणाला स्लायडर घेतो. ए, बी, सी तीन स्लायडर, आलेख एकच. मुळं खरी आहेत की नाहीत, समान आहेत का, हे विवेचकाचं सूत्र सांगायच्या आधी मुलांना आलेख आडव्या अक्षाला कुठे कापतो त्यावरून दिसून गेलेलं असतं.

जुन्या कम्प्युटरवर क्लासिक ५ टाका, ते ऑफलाइन बरं चालतं. २०२१ मध्ये बायजूजने जिओजेब्रा घेतल्यावर आमच्या ग्रुपवर बरीच काळजी होती, पण शाळेतल्या अव्यावसायिक वापराला ते मोफतच आहे. खाजगी क्लासवाल्यांनी परवान्याच्या अटी नीट वाचाव्यात.

पहिलीची बाई

आमच्याकडे छोटी मुलं, त्यामुळे आमची गाडी वेगळी. चित्रं काढायला टक्स पेंट आणि छोट्या खेळांसाठी जीकॉम्प्री. जीकॉम्प्री २००० सालापासूनचं आहे, त्यात शंभरहून जास्त खेळ आहेत पण सगळे उघडून देऊ नका. माऊस फिरवून वरचं झाकण पुसलं की खालचं चित्र दिसतं तो खेळ पहिल्यांदा द्या, क्लिक नंतर, दोनदा क्लिक त्याच्याही नंतर. ज्या मुलांच्या घरी कम्प्युटर कधी बघितलेलाच नाही त्यांचा हात यात लवकर बसतो.

टक्स पेंटचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे सेव्ह करताना फाइलचं नाव विचारत नाही. लिहिता न येणारं मूल पण सेव्ह करू शकतं आणि उघडताना चित्र बघून उघडतं. आणि ओपनमध्ये गेलं की स्लाइड्स म्हणून बटण आहे, चित्रं एकामागून एक निवडायची आणि प्ले करायचं. बैलपोळ्याला मुलांनी बैल काढणं, बैल धुणं, शिंगं रंगवणं, झूल, मिरवणूक अशी चित्रं काढली होती, ती लावली आणि प्रत्येकाने आपलं चित्र आलं की उभं राहून त्याबद्दल बोलायचं. पहिलीतल्या मुलांनी प्रेझेंटेशन दिलं हो! एरवी अजिबात न बोलणारी मुलगी त्या दिवशी बैलाचं नाव सांगून थांबली नाही, त्याला काय आवडतं ते पण सांगितलं.

विज्ञान शिक्षक, मराठवाडा

फेट. विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर करून बघता येतात अशा प्रतिकृतींचा (सिम्युलेशन्सचा) कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला, त्यांना २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल होतं आणि त्या पैशातला काही भाग त्यांनी यात घातला. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे, म्हणजे एवढा मोठा माणूस आणि तो शाळेतल्या मुलाला विद्युत परिपथ कसा कळेल याच्या मागे लागला.

बऱ्याच प्रतिकृती मराठीत आहेत. नवीन सगळ्या एचटीएमएल फाइली आहेत, एकदा तालुक्याला किंवा घरी डाउनलोड करा, पेनड्राइव्हवर घ्या, ब्राउझरमध्ये उघडतात, नेट लागत नाही. पूर्वीच्या कितीतरी शैक्षणिक सीडी फ्लॅशवर होत्या, २०२० संपताना फ्लॅशच बंद झालं आणि त्या सगळ्या कपाटात गेल्या, म्हणून मी आता फाइल कशात चालते ते आधी बघतो.

परिपथ जोडणीची प्रतिकृती दहावीला वापरतो. विभवांतर वाढवलं की इलेक्ट्रॉन जोरात पळताना दिसतात, रोध वाढवला की मंदावतात, तार थेट जोडली की आग लागते. खऱ्या सेलला असं करायला देता येत नाही. पण माझं ठाम मत आहे की आधी खरा सेल, खरा बल्ब, खरी वायर मुलांच्या हातात द्या, बल्ब पेटवू द्या, मग स्क्रीनवर या. उलटं केलं तर मुलांना तो खेळ वाटतो, वीज वाटत नाही.

न्यू जर्सीतली आई (रविवारची मराठी शाळा)

आमची मुलं मराठी ऐकतात, समजतात, उत्तर इंग्लिशमधून देतात. आठवड्यातून एकदा भेटणार, त्यामुळे घरी करायला काहीतरी पाठवावं लागतं. मी लुमी नावाचं ॲप वापरते, त्यात एचफाइव्हपी (H5P) प्रकारच्या, म्हणजे मुलांनी स्क्रीनवर स्वतः सोडवायच्या ॲक्टिव्हिटीज अकाउंट न काढता आपल्याच लॅपटॉपवर बनवता येतात. सेव्ह करताना एकच एचटीएमएल फाइल करता येते, तीच पालकांना पाठवते.

शब्द ओढून जागेवर ठेवायचा प्रकार सगळ्यात सोपा. वाक्य टाइप करायचं आणि ज्या शब्दाची जागा रिकामी हवी त्याच्या दोन्ही बाजूंना फुली द्यायची, बास. 'आजी *अंगणात* बसली', 'मी *शाळेतून* आलो', असं विभक्तीचं करून घेते कारण आमच्या मुलांचं अडतं तिथेच, ती 'शाळा मधून' म्हणतात. गाळलेल्या जागा भराच्या प्रकारात दोन उत्तरं चालत असतील तर मध्ये तिरकी रेघ देऊन दोन्ही लिहायची, 'आई/आजी' असं. आणि किरकोळ स्पेलिंगच्या चुका चालवून घेण्याची एक सोय आहे ती लहानांसाठी चालू ठेवते, मोठ्यांसाठी बंद, कारण ऱ्हस्वदीर्घ तर शिकवायचंच आहे ना.

अक्षरप्रेमी

सगळ्यांना एक विनंती, युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली ढीगभर प्रश्नपत्रिका आणि स्लाइड दुसऱ्या कम्प्युटरवर नेली की नुसती चिन्हं दिसतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मुक्त' (Mukta) आणि 'बालू' (Baloo) हे फॉन्ट मोफत आहेत, खुल्या परवान्याचे आहेत, फाइलबरोबर पेनड्राइव्हवर देऊन टाका. पहिली-दुसरीला 'मुक्त' वापरा, जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

भूगोलवाली, कोकण

स्टेलारियमचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, आपलं गाव टाकायचं आणि तारीख टाकायची. आमच्याकडे सगळी शेतकऱ्यांची मुलं, 'मृग लागला' हे घरात रोज ऐकतात पण म्हणजे काय झालं ते कोणालाच माहीत नसतं. जूनची ७ तारीख टाकली, दुपारची वेळ ठेवली आणि कीबोर्डवरचं ए दाबलं की वातावरण निघून जातं, भर दुपारी तारे दिसतात आणि सूर्य रोहिणीला मागे टाकून मृगाच्या दिशेने चाललेला दिसतो. मग एका मुलाने स्वतःहून विचारलं की बाई, मग आर्द्रा कधी, आणि सगळ्यांनी मिळून तारीख पुढे पुढे नेऊन शोधलं. नंतर घरी जाऊन आजोबांना सांगितलं, आजोबांनी त्यांना पेरणीची सगळी नक्षत्रं म्हणून दाखवली.

शून्य सावलीच्या दिवसाला पण हेच वापरा, मे महिन्यात आपल्या गावात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो ते तारीख पुढेमागे करून मुलांना शोधू द्या, पण त्या वेळी शाळेला सुट्टी असते त्यामुळे काठी उभी करून घरीच बघायला सांगावं लागतं.

कम्प्युटर लॅब सांभाळणारा

लॅबमधली जुनी मशीन टाकून देऊ नका, विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकलं तर वरचं बरंचसं त्यावर चालतं. केरळच्या सरकारी शाळा आयटी ॲट स्कूल प्रकल्पापासून, म्हणजे आता जे काइट आहे, मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवतात, तिथे हे प्रयोग राहिलेले नाहीत, रोजचा तास झालाय. आपल्याकडे पण व्हावं असं मला मनापासून वाटतं. ज्यांना सुरुवातच करायची आहे त्यांनी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, लिबरऑफिसचे मराठीत आहेत, थांबवत थांबवत सोबत करून बघता येतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. स्टेलारियमचं वाचून मी आत्ताच डाउनलोडला लावलंय. विज्ञानवाले सर, तुमचा मुद्दा पटला, नद्यांच्या खेळाआधी मी आता मुलांकडून जमिनीवर खडूने नकाशा काढून घेणार.

न्यू जर्सीच्या ताई, एक विचारायचं होतं, ती लुमीची फाइल पालकांच्या साध्या मोबाइलवर उघडते का? आमच्याकडे घरी लॅपटॉप कोणाकडेच नाही.

न्यू जर्सीतली आई

हो, अँड्रॉइडवर उघडते, फाइल डाउनलोड करून क्रोममध्ये उघडायला सांगा. मोठे फोटो घालू नका म्हणजे फाइल हलकी राहते. आणि ओढायच्या शब्दांचं वाक्य लहान ठेवा, छोट्या स्क्रीनवर लांब वाक्य असलं की शब्द खाली जातात आणि मुलांना वर-खाली करत बसावं लागतं.